जेवणानंतरचे चार तास

मटण खाऊन माणूस मरायला टेकतो, असं दोन वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे माणूस मटण मिळालं नाही म्हणून कासावीस होतो, मिळालं म्हणून नाही. आज मात्र शेजारच्या घरातून शिजत्या मटणाचा वास आला तरी माझे तळहात गार पडतात. नुसत्या वासाने तुम्हाला काही होणार नाही, असं डॉक्टरांनी मला अनेकदा सांगितलंय. मला ते पटलंय, तळहातांना अजून पटलेलं नाही.

हे लिहितोय ते माझ्यासारख्याच कोणासाठी तरी. ज्याला संध्याकाळी एकाएकी अंगभर खाज सुटते, ओठ सुजतात, पोटात कळा येतात, आणि ज्याला घरचे, शेजारचे, ऑफिसातले मिळून विचारतात, आत्ता काय खाल्लंस? त्याला मला एवढंच सांगायचंय की आत्ताचं राहू दे, दुपारचं आठव. बाकी मी डॉक्टर नाही. घरच्या घरी प्रयोग करू नका, मी ते भरपूर केले आहेत.

मी कस्टम्समध्ये आहे. बदली होऊन कोलकात्याला आलो, ऑफिस खिदिरपूरला, घर बेहालात. घरात बायको वैशाली, ती बँकेत आहे; मुलगी तन्वी, नववीत; आणि वडील गेल्यापासून आमच्याकडे असलेली माझी आई. माझं काम थोडक्यात सांगायचं तर कागदावर लिहिलंय एक आणि कंटेनरच्या आत आहे दुसरं, हे पकडायचं. सत्तावीस वर्षं मी हे करतोय आणि त्यात मी बरा आहे असा माझा समज होता. तो या आजारपणात पार धुऊन निघाला.

पहिला रविवार

जूनमधला रविवार होता. सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहून मी खाशीचं, म्हणजे खच्ची केलेल्या बोकडाचं, मटण आणलं, आईने तांबडा-पांढरा केला, दीड वाजता आम्ही पोटभर जेवलो. झोप झाली. सहाच्या सुमाराला चहा, मुरमुरे आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावरची वांग्याची भजी, असं बंगाली थाटाचं खाणं चाललं होतं, तेवढ्यात तळहात खाजायला लागले.

आधी तळहात, मग काखा, मग डोकं. दहा मिनिटांत अंगावर एवढ्या मोठ्या गांध्या उठल्या की तन्वीने फोन काढून फोटो घेतला आणि मग स्वतःच घाबरून रडायला लागली. आई म्हणाली, पित्त उठलंय. तिने आमसुलं भिजत घातली आणि ते पाणी माझ्या पाठीला चोळलं. तासाभराने गांध्या उतरल्या. सगळ्यांनी भज्यांच्या तेलाला शिव्या घातल्या आणि विषय मिटला.

दोन आठवड्यांनी तेच झालं, पण या वेळी ओठ सुजले आणि पोटात अशा कळा आल्या की मी न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि एकच प्रश्न विचारला, चिंगडी खाल्ली होती का? आदल्या दिवशी खाल्ली होती. झालं, कोळंबी गुन्हेगार ठरली. पाठोपाठ सगळे मासे संशयित म्हणून बंद झाले. कोलकात्यात राहून, ऐन हंगामात, मी इलिश माशाकडे पाठ फिरवली. माझ्या ऑफिसात लोकांनी माझ्याकडे कोणीतरी गेल्यासारखं पाहिलं.

मधल्या एका रविवारी मटण खाऊन काहीच झालं नव्हतं. म्हणून त्याच्यावर कोणाचा संशयही गेला नाही. ते आमच्या घरचं होतं, आईच्या हातचं होतं.

अळणी पाणी

आमच्याकडे माणूस आजारातून उठला, बाळंतीण झाली, पोराची परीक्षा आली, की त्याला अळणी पाणी पाजतात. मटण हळद, आलं-लसूण आणि जेमतेम मीठ घालून शिजवायचं आणि तिखट घालायच्या आधी वरचं पाणी वाटीत काढायचं. मी त्याच पाण्यावर वाढलोय. टायफॉइडमधून मला त्याच पाण्याने उठवलं असं आई सांगते.

मासे बंद झाले, भजी बंद झाली, माझं वजन उतरायला लागलं. आई रोज माझ्या गळ्याच्या हाडांकडे बघायची. एका बुधवारी सकाळी आठ वाजता, मी ऑफिसला निघायच्या तयारीत असताना, ती वाटी घेऊन समोर उभी राहिली.

"पी रं संजू. चार घोट पी. अंगात काय राहिलंय तुझ्या?"

मी प्यालो. चांगलं लागलं. आणखी अर्धी वाटी मागून घेतली.

बाराच्या पुढे मी यार्डात होतो. उन्हाने कंटेनरचे पत्रे तापलेले, खाली गुडघाभर गवत, आणि नेहमीप्रमाणे यार्डातला कुत्रा भुलो माझ्या मागे-मागे. एक सील तपासायला वाकलो आणि तळहात खाजले. मी हात पँटला पुसला. मग कानात हवा भरल्यासारखं झालं, घशात कोणीतरी बोळा कोंबतंय असं वाटायला लागलं. बरोबरच्या इन्स्पेक्टरला हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटला नाही.

त्या क्षणाबद्दल खरं लिहायचं तर मला बायकोची आठवण आली नाही, मुलीची आली नाही, देवाचं नाव आलं नाही. नुसती भीती होती. तीही डोक्यात नव्हती, पोटात होती, जनावराला वाटत असेल तशी. आपण आता जाणार, इथेच, या गवतात, असं मला अगदी स्पष्ट कळलं. पुढचं आठवतं ते एवढंच की भुलो माझं तोंड चाटत होता आणि कोणीतरी त्याला हाकलत होतं.

ऑफिसच्या जीपमधून मला दवाखान्यात नेलं. दोन दिवस ठेवलं. सकाळी सहाला ताप बघायचा, सातला रक्त, नऊला मोठे डॉक्टर घाईने येऊन जाणार, मग दिवसभर छताकडे बघायचं. बाजूच्या खाटेवरचे आजोबा सारखे कोणाला तरी फोन करून आपली आमची सगळ्यांची खबर देत. मला मात्र डोळे मिटायची भीती वाटायची. एक सिस्टर होत्या, बोलायच्या फार कमी. जाता-येता त्या माझ्या पावलावर नुसता हात ठेवायच्या आणि पुढे जायच्या. त्या हाताची मी वाट बघत असायचो.

घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं, अन्नातून काहीतरी. घरी आलो त्या संध्याकाळी आईने विचारलं, थोडं अळणी पाणी करू का? वैशाली म्हणाली, आज राहू दे आई, नुसता मऊ भात देऊ. तिला कसला संशय आला होता म्हणून नव्हे. मटण आणायला जायला घरात कोणाला वेळ नव्हता, एवढंच.

श्रावण

मग श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात मटण-मच्छी बंद, आणि ते पुढे गणपतीचं विसर्जन होईपर्यंत. त्या दीड महिन्यात मला काहीही झालं नाही. एक गांधीसुद्धा उठली नाही.

आमच्या घरात या बरं होण्याचे चार हक्कदार होते. आईने जोतिबाला नवस बोलला होता. वैशालीने कपडे धुण्याची पावडर बदलली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. आणि माझं म्हणणं, मी कोळंबी सोडली म्हणून. चौघांचंही पटलेलं होतं आणि चौघेही खुशीत होते. श्रावणाकडे कोणी पाहिलंच नाही. तो दरवर्षी येतो, त्यात बघायचं काय?

विसर्जनानंतरच्या रविवारी आईने दीड किलो मटण शिजवलं. नवस फेडल्याच्या आनंदात होती ती. मला तिने स्वतः बसून वाढलं, नळी शोधून ताटात घातली. मी दीड वाजता जेवलो. पावणेसहाला वैशाली आणि तन्वी मला दोन्ही बाजूंनी धरून जिन्यावरून खाली उतरवत होत्या आणि मला पायऱ्या दिसत नव्हत्या.

डॉक्टरबाई

या वेळी ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी मला ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टरबाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, शांत. मी माझ्या सवयीप्रमाणे वही घेऊन गेलो होतो. प्रत्येक वेळी त्रास सुरू व्हायच्या आधी तासाभरात काय-काय तोंडात गेलं, याची नीट नोंद. चहा कोणता, बिस्किट कोणतं, भजी कोणत्या गाड्यावरची. त्यांनी दोन पानं पाहिली आणि वही मिटून माझ्याकडे परत सरकवली. हे मला नको, म्हणाल्या. त्याच्या आधी चार-पाच तासांपूर्वी काय खाल्लं होतं ते सांगा.

मी आठवत गेलो. पहिला रविवार, मटण. दुसरा रविवार, मटण. यार्डातला दिवस, मी म्हटलं, सकाळी काही विशेष नाही, पोळी-भाजी. मागच्या खुर्चीवर बसलेली वैशाली हळूच म्हणाली, अळणी पाणी.

डॉक्टरबाईंनी विचारलं, या वर्षात कधी किडा चावला होता? पायाला? त्यांनी बंगाली नाव सांगितलं, मला कळेना. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. फुगलेलं पोट, आठ पाय. गोचीड. मी बूट काढून घोट्याजवळचे दोन काळे डाग दाखवले. मे महिन्यात यार्डातून आल्यावर तिथे चिकटलेल्या दोन मी नखाने ओढून काढल्या होत्या. महिना-दीड महिना तिथे खाजरी गाठ राहिली होती. त्याआधीही चावल्या असतील, कोण लक्षात ठेवतं?

रक्ताचा रिपोर्ट आठवड्याने आला आणि नक्की झालं. मला समजलं तसं सांगतो. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून एक प्रकारची साखर आपल्या अंगात जाते. काही माणसांचं शरीर त्या साखरेशी दावा धरतं. तीच साखर बकऱ्याच्या, गाईगुरांच्या, डुकराच्या मांसात असते. पचायला चार-पाच तास लागतात, म्हणून दावा संध्याकाळी उगवतो. कोंबडी चालेल, मासे चालतील. म्हणजे इलिश निर्दोष सुटली होती. औषधाच्या काही कॅप्सूलची टोपणंसुद्धा जनावरापासून बनतात, तीही विचारून घ्यायची.

मी विचारलं, हे बरं कधी होणार? त्या म्हणाल्या, काहींचं काही वर्षांत कमी होतं. पण पुन्हा गोचीड चावली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पुढचा झटका कसा येईल हे मी सांगू शकत नाही. त्यांनी हे अगदी मऊ आवाजात सांगितलं.

बाहेर

आई बाहेर बाकावर बसली होती. हातात माझी पाण्याची बाटली. वैशालीला मी दोष देत नाही, तीन महिने ती धड झोपली नव्हती. ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मटणाने होत होतं, आई. तुम्ही पाजत होता त्याने."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी 'तसं नाही' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. मी इतका घाबरलेला होतो की मला त्या वेळी कोणीतरी जबाबदार हवंच होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

घरी येऊन आईने मटणाचं मोठं पातेलं तीन वेळा घासलं, उन्हात वाळवलं, जुन्या साडीत बांधलं आणि माळ्यावर टाकलं. त्यानंतर चार-पाच दिवस ती माझ्या ताटात काही वाढेना. भातसुद्धा वैशालीलाच वाढायला सांगायची.

वांगी

डॉक्टरबाईंनी सांगितलं, तयार पेनसारखं इंजेक्शन इकडे सहज मिळत नाही. म्हणून काचेची छोटी कुपी आणि सिरिंज कायम जवळ ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला टोचायला शिकवा. झटका आला की आधी टोचा, मग गाडी शोधा. एका सिस्टरने घरी येऊन पाण्याच्या कुपीवर आम्हाला शिकवलं. कापडात धरून कुपीची मान मोडायची, अर्ध्यापर्यंत औषध ओढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच टोचायचं, दहापर्यंत मोजायचं.

वैशाली शिकली. तन्वी शिकली, आणि तिनेच प्रत्येक सिरिंजवर अर्ध्याच्या खुणेला लाल नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, ये, तूही बघ करून. ती म्हणाली, "मला न्हाई जमायचं. माझ्या हाताला यश न्हाई," आणि आत निघून गेली.

काही दिवसांनी डब्यात भरलं वांगं होतं. खाताना सालीवर बारीक-बारीक भोकं दिसली, ओळीने. मला वाटलं कीड आहे. दुसऱ्या आठवड्यातही तसंच. संध्याकाळी फ्रिज उघडून पाहिलं तर खालच्या कप्प्यातल्या चारही वांग्यांना भोकं. तन्वी म्हणाली, "बाबा, आजी दुपारी प्रॅक्टिस करते. तुला बोलू नको म्हणाली." मी फ्रिज बंद केला आणि कोणाला काही विचारलं नाही.

चार तास

लोकांना वाटतं, मटण सोडलं की संपलं. तसं होत नाही. माझी भीती जेवण झाल्यावर सुरू व्हायची. एक वाजता जेवलो की पाच वाजेपर्यंत मी स्वतःवर पाळत ठेवून असायचो. तळहात घासून बघायचे. गिळून बघायचं. नुसतं वरण-भात खाल्लेलं असलं तरी. कढई कोणती होती, डाव कोणता होता, तूप कुठलं होतं. यार्डात जायचं तर पँटचे पाय मोज्यांत खोचून, आणि घरी आल्यावर न्हाणीघरात उभं राहून घोट्यापासून कानांच्या मागेपर्यंत आरशात बघायचं. भुलोला मी लांबून बिस्किट टाकायला लागलो. तो बिस्किट खायचा आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसायचा.

आणि एवढं सगळं करून मी एक मूर्खपणा केला. बाहेर कोणालाच खरं सांगितलं नाही. कोल्हापूरच्या माणसाला गोचिडीने मटण सोडायला लावलं, हे सांगायला जीभ रेटेना. लोक हसतील याचीच जास्त भीती. ऑफिसात, शेजारी, सगळीकडे मी एकच सांगितलं, कोलेस्टेरॉल वाढलंय, मटण बंद केलंय. सगळ्यांना पटलं. ते सगळ्यांनाच असतं.

घुगनी

दुर्गापूजा संपली. दशमीनंतर इथे एकमेकांच्या घरी जायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं, आणि समोर येईल ते खायचं, अशी पद्धत आहे. आमच्याकडे दसऱ्याला सोनं द्यायला जातो तसंच. त्या दिवशी वैशालीची बँक उघडली होती, तन्वी डमडमला मैत्रिणीकडे गेली होती. साडेअकराला मी एकटाच खालच्या मजल्यावर मित्रा काकीमांना नमस्कार करायला उतरलो. त्यांनी नारळाचे लाडू ठेवले आणि वाटीभर घुगनी. घुगनी म्हणजे आपली वाटाण्याची उसळच. काकीमा म्हणाल्या, "आपनार जोन्नो तेल कोम दियेछि." तुमच्यासाठी तेल कमी घातलंय. मी हसून म्हटलं, छान. आणि वाटी संपवली.

वाटाण्यात खिमा होता. अगदी बारीक, मसाल्यात मुरलेला. इथल्या अनेक घरांत घालतात, मला ठाऊक नव्हतं. आणि काकीमांना वाटलं, कोलेस्टेरॉलच्या माणसाला सणाच्या दिवशी दोन चमचे खिम्याने काय होतंय. त्यांची काही चूक नाही. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांची खोटी डिक्लेरेशन पकडली. हे खोटं डिक्लेरेशन माझं होतं, आणि आत काय आहे ते मी उघडून पाहिलं नाही.

साडेतीनला मी खुर्चीवर पेपर वाचत होतो. तळहात खाजले. मी स्वतःला सांगितलं, काही नाही, भीती आहे. मग टाळू खाजली, पोटात कळ आली आणि पेपरातली अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. घसा आवळत चालला होता. घरात फक्त आई, आणि ती आतल्या खोलीत पडलेली. मला हाक मारता येईना. मी टेबलावरचं तांब्या-भांडं हाताने खाली लोटलं.

आई आली. तिने मला एकदाच पाहिलं. ती ओरडली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. मला खांद्याला धरून तिने जमिनीवर आडवं केलं आणि माझे पाय खुर्चीवर ठेवले, सिस्टरने सांगितलं होतं अगदी तसे. कपाटातून इंजेक्शनचा डबा आणला. पदरात कुपी धरून तिने मान मोडली. मी तिचे हात बघत होतो. एरवी चहाच्या कपातला चहा सांडतो, ते हात हलत नव्हते. लाल रेघेपर्यंत औषध ओढून तिने सिरिंज उजेडाकडे धरून पाहिली आणि पायजम्यावरूनच माझ्या मांडीत सुई घातली. मग ती मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन. मला तिचा आवाज लांबून येत होता. दहा झाल्यावरही ती थांबली नाही, अकरा, बारा, तेरा, मोजतच राहिली.

नंतर ती जिन्यात गेली. आईला बंगाली येत नाही, हिंदी जेमतेम. तिने काकीमांचं दार दोन्ही हातांनी बडवलं आणि फक्त 'गाडी, गाडी' म्हणत राहिली. तेवढं पुरलं. काकीमांच्या मुलाने मला गाडीत घातलं. तोवर माझ्या छातीत धडधड सुरू झाली होती, हात थरथरत होते, आणि घशातून थोडी हवा आत जायला लागली होती. ती हवा कशी लागली हे मला सांगता येणार नाही. गाडीभर मी नुसता श्वास घेत होतो आणि रडत होतो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर टोचलंत म्हणून. वैशाली आणि तन्वी धावत आल्या. वैशाली आधी माझ्याकडे आली नाही, ती आईकडे गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बाकावरच्या त्या दिवसानंतर दोघी पहिल्यांदाच इतक्या जवळ बसल्या. काकीमा पदर तोंडाशी धरून दारात उभ्या होत्या. मी त्यांना जवळ बोलावलं आणि खरं काय ते सगळं सांगितलं, गोचिडीसकट. त्या हसल्या नाहीत. कोणीच हसलं नाही.

सगळे बाहेर गेल्यावर आई खाटेजवळ आली. तिने मला विचारलं, "बरोबर टोचलं न्हवं मी?"

मी म्हणालो, "बरोबर टोचलंस. आणि अळणी पाण्याने मला काही झालं नाही आई. गोचिडीने झालं." हे तिला त्या दिवशी, त्या बाकाजवळच सांगायला हवं होतं. तिने माझ्या पांघरुणाची घडी सरळ केली आणि मान हलवली.

आता

याला वर्ष होऊन गेलं. आता माझ्या खिशात एक चिठ्ठी असते, मराठी, बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत, तन्वीने लिहिलेली. कुठेही पानावर बसलो की मी ती आधी काढतो आणि अजिबात लाजत नाही. तुम्हीही लाजू नका. भुलोला ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून गोचिडींचं औषध लावून घेतलं, त्यामुळे आमची दोस्ती परत जुळली आहे, मी हात मात्र लगेच धुतो. आई कोंबडीचं पाणी काढून देते. चव तशी नाही, पण मी मागून घेतो.

भीती गेली नाही. ती जाईल असं मी खोटं सांगणार नाही. फक्त आता तिचा भार एकट्यावर नाही.

आई पूर्वी मला ऑफिसात रोज दुपारी फोन करायची आणि एकच विचारायची, जेवलास का? आता ती विचारते, किती वाजता जेवलास? तेवढं ऐकते आणि फोन ठेवते. वैशालीला सुट्टी असते तेव्हा ती बघते, आई भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची घेऊन बसलेली असते, मांडीवर तो इंजेक्शनचा डबा. चार तास होईपर्यंत आडवी होत नाही. मी लांब ऑफिसात, डबा हिच्या मांडीवर, त्याचा काय उपयोग, हे तिला कोणी विचारत नाही. मला ते कळल्यापासून मी तिला एक तास आधीची वेळ सांगतो. एकला जेवलो तर बारा म्हणतो. तेवढाच तिला एक तास लवकर टेकायला मिळतो.

परवा हे मी वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्यांना ठाऊक आहे. त्या पाच तास बसतात."